डाव्या कानाचा खटला

सिनेमावाल्यांवर लोवेल प्रुसाकचा दात होता, आणि अमेरिकेतल्या एरी शहरात कॉमिक वाचणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक होता. अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पाठीला पुठ्ठा लावून जन्मभर जपलेले आपले वीर हे लोक उचलून नेतात, त्यांना रबरी कपड्यांत कोंबतात, दोन तास इमारती पाडत बसतात आणि वर म्हणतात, घ्या, हाच तुमचा हीरो! लोवेलचं म्हणणं साधं होतं. कॉमिकमध्ये दोन चौकटींच्या मधे पांढरी पट्टी असते. एका चौकटीत ठोसा उगारलेला, दुसरीत माणूस आडवा पडलेला. मधे काय झालं ते त्या पट्टीत, आणि ती पट्टी वाचणाऱ्याच्या मालकीची. सिनेमावाले नेमकी तीच बुजवून टाकतात. "माझी जागा बळकावतात साले," असं तो म्हणायचा, आणि म्हणताना त्याचे दोन्ही कान लाल व्हायचे. ऐकू मात्र एकाच कानाने यायचं.

डावा कान गोवराने नेला होता, अगदी लहानपणी. शाळेत पोरं मुद्दाम त्या बाजूला जाऊन काहीबाही बोलायची आणि हसायची. मग एका मामाने त्याला बेलमनचा अंक आणून दिला. घंटा ओतण्याच्या कारखान्यात स्फोट होतो, धाकटा भाऊ मरतो, आणि थोरला एली क्रेन डाव्या कानाने बहिरा होऊन ढिगाऱ्यातून बाहेर येतो. रात्री तोच बेलमन होऊन शहर राखतो. शत्रू नेहमी डावीकडून येतात, कारण तिकडचं त्याला ऐकू येत नाही. जगातला सगळ्यात शूर माणूस आपल्यासारखीच मान वळवून ऐकतो, हे त्या पोराला दिसलं आणि त्याने रडणं सोडून दिलं. आता पासष्टी उलटली, रेल्वे इंजिनांच्या कारखान्यातून तो निवृत्त झाला, बायको सोडून गेली त्यालाही काळ लोटला, पण बेलमन काही सुटला नाही.

त्याच बेलमनवर सिनेमा आला होता. आणि तो लिहिला होता थियाने, लोवेलच्या एकुलत्या एका मुलीने.

आज दुपारी मार्गोच्या कॉमिकच्या दुकानात त्या सिनेमावर खटला चालणार होता. फिर्यादीचा वकील नेहमीप्रमाणे लोवेल. खटला ऐकायला थिया लॉस एंजेलिसहून मुद्दाम विमानाने आली होती. आणि लोवेलने सिनेमा पाहिलेलाच नव्हता.

सकाळी थिया स्वयंपाकघरात कॉफी घेऊन बसली होती. सरोवरावरून आलेल्या बर्फाने अंगण भरून गेलं होतं. लोवेल अंडी परतत होता, तेवढ्यात फोन वाजला. त्याची थोरली बहीण वांडा. वांडाचा फोन म्हणजे छपरावरचा बर्फ, रक्तदाब आणि चर्चला न आल्याबद्दलची खरडपट्टी. लोवेलने फोन शांतपणे डाव्या कानाला लावला, खांद्याने दाबून धरला आणि अंडी हलवत राहिला. आतून वांडाचा पट्टा चालू होता. अधूनमधून लोवेल म्हणे, "हो." जरा थांबून, "बरोबर." आणि आवाज थांबला असं फोनच्या थरथरीवरून कळलं की, "अगदी."

थियाने तोंडावर हात दाबून हसू आवरलं. ही लबाडी घरात दोघांनाच माहीत होती. वांडाआत्या तर सगळ्या नात्यागोत्यात सांगत सुटायची की भावांमध्ये माझं ऐकून घेणारा एक लोवेलच.

"काय म्हणत होती आत्या?" फोन ठेवल्यावर थियाने विचारलं.

"मला काय ठाऊक?"

दोघं हसली. मग थियाने कप खाली ठेवला. "आणि सिनेमा? कसा वाटला ते तरी सांग."

लोवेलने तिच्याकडे पाठ फिरवली. "खटल्याआधी एक शब्द नाही. नियम म्हणजे नियम."

"नियम मला शिकवतोस, डॅड? तू आणि मार्गोने तो केला तेव्हा मी काउंटरखाली बसून तुमचं ऐकत होते."

"मग तुला माहीतच आहे."

"एवढंच सांग, बरा की वाईट?"

"थिया, अंडी करपतायत."

अंडी करपत नव्हती. लोवेल मात्र सकाळपासून तिची नजर चुकवत होता. तो दोनदा थिएटरवर गेला होता, दोन्ही वेळा तिकीट काढलं होतं, आणि दोन्ही वेळा दारापासून परत येऊन गाडीत काचा बंद करून बसला होता. कारण होतं ट्रेलर. त्या ट्रेलरमध्ये बेलमन एक इयरफोन घेतो आणि कानात घालतो. डाव्या कानात. पलीकडून कुणीतरी बोलतं आणि बेलमन मान डोलावतो. बस, एवढंच. लोवेलने ते पाहिलं, पुन्हा लावून पाहिलं, आणि संगणक बंद करून अंधार पडेपर्यंत खुर्चीत बसून राहिला. बाकीच्या जगाने ते केलं असतं तर त्याने शिव्यांची लाखोली वाहिली असती. पण हे थियाने केलं होतं. लहानपणी जिला तो रोज झोपताना बेलमन वाचून दाखवायचा आणि जी न सांगता त्याच्या उजव्या कुशीत येऊन बसायची, तिने बेलमनचा कान बरा करून टाकला होता. तिला बापाचा तो कान कधी दिसलाच नसेल का? की दिसला आणि लाज वाटली? सिनेमा पाहिला तर याचं उत्तर मिळणार होतं, आणि ते उत्तर त्याला नको होतं.

गाडीत थिया त्याच्या उजव्या हाताला बसली. ती मोठी होत असताना सगळी गुपितं तिने गाडीतच सांगितली होती, कारण गाडी चालवताना बापाचा चांगला कान आपोआप तिच्याकडे असायचा.

"मला एक वचन दे," ती म्हणाली.

"काय?"

"आज मला सांभाळून घेऊ नकोस. तिकडे सगळे मला छान छान म्हणतात. निर्माता म्हणतो छान, त्याचा सहायक म्हणतो छान, आणि मग पान फाडून टाकतात. तू कधी उगाच छान म्हणाला नाहीस. माझ्या शाळेतल्या नाटकाला तू म्हणालास की दुसरा अंक रटाळ आहे. मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नाही."

"होता रटाळ."

"होताच. म्हणून तर तू पहिल्या अंकाबद्दल जे चांगलं बोललास ते मी आजपर्यंत जपून ठेवलंय. हा सिनेमा मी याच दुपारसाठी लिहिला, डॅड. टीकाकार काय लिहायचं ते लिहोत. तू उभा राहून काय बोलतोस ते मला ऐकायचंय."

लोवेलची मूठ चाकावर घट्ट झाली. आत्ता सांगावं. गाडी कडेला घ्यावी आणि सांगून मोकळं व्हावं. त्याने तोंड उघडलंसुद्धा. पण थिया त्याच्याकडे अशा डोळ्यांनी पाहत होती, जशी निकालाच्या दिवशी पाहायची.

"रस्त्यावर निसरडं झालंय," तो म्हणाला.

बुधवारी नवे अंक येतात, म्हणून बुधवारी मार्गो डिलुकाच्या दुकानात गर्दी असते. कॉमिकवरून सिनेमा निघाला की तो लागल्यानंतरच्या दुसऱ्या बुधवारी इथे कोर्ट भरतं. न्यायाधीश मार्गो. स्टेपलर काउंटरवर आपटून ती कामकाज चालवते. तिकिटाचा तुकडा बरणीत टाकल्याशिवाय कुणाला तोंड उघडता येत नाही. सिनेमा दोषी ठरला की त्याचं पोस्टर दुकानाच्या संडासात उलटं टांगलं जातं. तिथल्या भिंतींवर जागा उरली नव्हती, आता छताला सुरुवात झाली होती.

थिया आत आली तसा एकदम गलका झाला. कर्टिस, शहर बसचा ड्रायव्हर आणि कोर्टात कायम बचावाचा वकील, त्याने तिला मिठीच मारली. "ये गं बाई! आरोपी स्वतः हजर, असं कधी झालं नव्हतं."

"पळून जाण्यापेक्षा बरं," थिया म्हणाली.

डेनिस कोपऱ्यात पेपरोनी भरलेला पाव खात उभा होता. हा दातांचा डॉक्टर. बुधवारी दुपारी दवाखाना बंद ठेवून यायचा आणि आठवडाभर पेशंटच्या तोंडात हात घालून गप्प बसल्याचं सगळं इथे भरून काढायचा. "लोवेल, आज तू बाजूला हो," तो म्हणाला. "फिर्याद मी मांडतो. पोटच्या पोरीवर खटला चालवायला तू स्वतःला काय न्यायदेवता समजलास?"

"मी कुणाला जागा देत नाही," लोवेल गुरगुरला.

"तर मग बघूच. सौम्य झालास तर सगळ्यांना कळेल."

"डेनिस, खा आणि गप बस," मार्गो म्हणाली. "तिकिटं!"

बरणी फिरली. लोवेलने खिशातून तुकडा काढून आत टाकला. तिकीट खरं होतं, एवढंच काय ते. मग तो आपल्या नेहमीच्या स्टुलावर जाऊन बसला. डावा कान भिंतीकडे. इतकी वर्षं हेच स्टूल, हीच भिंत. दुकानातली माणसं त्याच्याशी न चुकता उजवीकडून बोलायची आणि आपण तसं बोलतो हे त्यांच्या ध्यानातही नसायचं.

मार्गोने स्टेपलर आपटला. आधी साक्षी होत्या. पहिला डेनिस उठला, आणि उठताच त्याने लोवेलच्या दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलं.

"कान!" तो ओरडला. "बेलमनकडे आहे काय? एक भोंगळ अंगरखा, एक हातोडा आणि एक बहिरा कान. यांनी कानच काढून टाकला! अख्ख्या सिनेमात तो बहिरा आहे असा एक शब्द नाही. उलट कमिशनर त्याला इयरफोन देतो, आणि हा शहाणा तो डाव्या कानात घालतो. तिकडून हुकूम येतात, हा हो म्हणतो, बरोबर म्हणतो, आणि मग नेमकं उलटं वागतो! काही ताळतंत्र?"

"बंडखोर आहे तो," कर्टिस म्हणाला. "ऐकून घेतो आणि स्वतःच्या मनाचं करतो. मला ते आवडलं."

"ऐकून घेतो! अरे, त्या कानाने ऐकूच कसं येतं, हाच तर गुन्हा आहे!"

लोवेलने थियाकडे पाहिलं. ती हाताची घडी घालून नव्या अंकांच्या फळीला टेकून उभी होती. ती फक्त बापाकडे बघत होती, जणू आता काहीतरी घडणार आहे आणि ते तिला ठाऊक आहे.

"फिर्यादीचे वकील," मार्गो म्हणाली.

लोवेल उठला. त्याने ठरवून आणलं होतं की मोघम बोलायचं. रबरी कपडे, पडणाऱ्या इमारती, कान फुटतील असं संगीत. हे कुठल्याही सिनेमाला लागू पडतं. कुणाला शंकाही आली नसती. पण कान या शब्दावर त्याला थियासमोर काही बोलवेना. तिला दुखवायचं नव्हतं आणि खोटं छान म्हणायचं नव्हतं. तेव्हा त्याने असं काहीतरी शोधलं जे मनापासून चांगलं म्हणता येईल.

"इमारती पडतात त्यावर मी बोलणार नाही," तो म्हणाला. "त्यावर डेनिसला घसा फोडू दे. मी बोलणार आहे रिकाम्या फुग्यावर."

रिकामा फुगा म्हणजे काय ते इथल्या प्रत्येकाला पाठ होतं. बेलमनच्या एका जुन्या अंकात तो आपल्या मेलेल्या शत्रूच्या म्हाताऱ्या आईला भेटायला जातो. दारात म्हातारी त्याच्या डाव्या बाजूला उभी राहून काहीतरी बोलते. तिच्या तोंडाशी बोलण्याचा फुगा आहे, पण आत एक अक्षर नाही, कारण बेलमनला ते ऐकू आलेलं नाही. तिने माफ केलं की शाप दिला, यावर या दुकानात मैत्र्या तुटल्या आणि पुन्हा जुळल्या होत्या. तो प्रसंग सिनेमासाठी चित्रित होतोय अशी बातमी होती, म्हातारीच्या वेशातल्या नटीचा फोटोही सगळ्यांनी पाहिला होता.

"मला वाटलं होतं, हेही भरून टाकतील," लोवेल म्हणाला. आता त्याचा आवाज लागला. "म्हातारीच्या तोंडी एखादं गोड वाक्य घालतील, वर व्हायोलिन वाजवतील. पण नाही. दार उघडतं, ती त्याच्या डावीकडे येते, ओठ हलायला लागतात, आणि सगळा आवाज बंद. वारा बंद, संगीत बंद. थिएटरमध्ये माणसं एकमेकांचा श्वास ऐकतात. कुणीच ती पट्टी बुजवली नाही. जिने ते लिहिलं तिला कळलंय की एका बाजूने बहिरा असणं म्हणजे काय असतं. मी जन्मभर या लोकांशी भांडलो. या एका प्रसंगासाठी मी टोपी काढतो."

त्याने खरोखरच टोपी काढली. त्याचे डोळे भरून आले होते. लोवेलला वाटलं, जिंकलो.

मग डेनिस हळू आवाजात म्हणाला, आणि हळू बोलणं त्याच्या स्वभावातच नव्हतं, "लोवेल, तो प्रसंग सिनेमात नाहीये."

"म्हणजे?"

"नाहीये. कापला असणार. म्हातारीच नाही अख्ख्या सिनेमात."

लोवेलने मार्गोकडे पाहिलं. मार्गोने मान खाली घातली. कर्टिस बरणीकडे बघत होता. आणि थियाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तो प्रसंग मी असाच लिहिला होता," ती म्हणाली. "आवाज बंद. अगदी असाच. तू पाहिल्यासारखा सांगितलास, डॅड." तिचा आवाज फाटला. "फक्त तू पाहिला नाहीस."

तिने कोट उचलला आणि ती बाहेर गेली. दारावरची घंटी वाजत राहिली.

"जा की, मूर्खा," मार्गो म्हणाली.

थिया फुटपाथवर बर्फात उभी होती, हातमोजेही न घालता. लोवेल धापा टाकत तिच्याजवळ पोचला आणि चुकून अशा बाजूला उभा राहिला की ती त्याच्या डावीकडे आली. ती काहीतरी बोलली. त्याला ऐकू आलं नाही. तो घाईघाईने फिरून पलीकडे गेला.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

"म्हटलं, रद्दड म्हणाला असतास तरी चाललं असतं! तू भिकार म्हण, माझी लाज काढ, संडासात टांग. पण मी दोन हजार मैल आले आणि तू आलाच नाहीस, डॅड. गावातल्या थिएटरपर्यंत आला नाहीस!"

"आलो होतो. दारापर्यंत."

"मग?"

"भीती वाटली."

"कसली? माझा सिनेमा वाईट असेल याची?"

लोवेलने टोपी हातात चुरगाळली. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. "तू त्याचा कान बरा केलास याची. ट्रेलरमध्ये पाहिलं मी. डाव्या कानात इयरफोन. तो कान माझा आहे, थिया. मी लहान असताना माझ्याकडे तेवढंच एक होतं. तुला त्याची लाज वाटत असेल, तर ते मला पडद्यावर एवढं मोठं करून बघायचं नव्हतं."

थिया त्याच्याकडे बघतच राहिली. आधी तिला राग आला, मग आश्चर्य वाटलं, मग तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला आणि तो तिने दातांनी चावून आवरला.

"गाडीत बस," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"चारचा खेळ आहे. मी एक अक्षर समजावून सांगणार नाही. मधली पट्टी मी बुजवणार नाही, तुझी तू वाच. गाडीत बस."

थिएटर जवळजवळ रिकामं होतं. मागे एक जोडपं, कडेला एक म्हातारी पॉपकॉर्न खात. थिया त्याच्या उजवीकडे बसली आणि समोर बघायला लागली. दिवे गेले तसे लोवेलने खुर्चीचे हात घट्ट धरले. इथून उठून जायला आता वाट नव्हती.

सुरुवात त्याला सहन झाली. कारखान्यातला स्फोट बरा होता. अंगरखा भोंगळ होता, डेनिस खरंच बोलला होता. मग एक गाडी उडाली, मग दुसरी उडाली, आणि लोवेलचं तोंड कडू झालं. पण एक गोष्ट त्याला खुणावायला लागली. बेलमनचं काम करणारा तो पोरगा खोलीत आला की भिंत शोधायचा. टेबलाशी बसताना नेहमी डाव्या टोकाला बसायचा. कुणी बोललं की त्याची हनुवटी किंचित डावीकडे जायची आणि उजवा कान पुढे यायचा. त्यावर कुणी काही बोलत नव्हतं, कॅमेरासुद्धा तिथे थांबत नव्हता. लोवेल आपल्याच नकळत खुर्चीत पुढे सरकला. हा नट असा बसतो, की याला कुणी असं बसायला सांगितलंय?

आणि मग तो प्रसंग आला. ओलीस ठेवलेली माणसं, बाहेर पोलिसांचा गराडा. कमिशनरने बेलमनच्या हातात इयरफोन ठेवला. "कानात घाल. मी सांगेन तेच करायचं. कळलं?" लोवेलने श्वास रोखला. बेलमनने इयरफोन क्षणभर बोटांत फिरवला. आधी उजव्या कानाजवळ नेला, थांबला, कमिशनरच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग सावकाश, फार मनापासून, डाव्या कानात घातला. हे उजवीकडे जाऊन परत येणं ट्रेलरमध्ये नव्हतं.

कमिशनर ओरडायला लागला. थांब, आत जाऊ नकोस, मी बजावतोय! तो घसा कोरडा करत होता, आणि बेलमन भिंतीला टेकून अर्धवट राहिलेलं सँडविच खात होता.

"हो," बेलमन म्हणाला. घास गिळला. "बरोबर." मग कमिशनर दमून गप्प झाल्यासारखं वाटलं, तेव्हा, "अगदी." आणि सँडविचचा कागद खिशात घालून तो सरळ आत गेला.

लोवेल हसला. त्याला हसू आवरेचना. रिकाम्या थिएटरात तो एकटा खो खो हसत होता, पॉपकॉर्नवाली म्हातारी वळून बघत होती, मागच्या जोडप्याने शुक् केलं, पण ते त्याच्या डावीकडून असल्यामुळे त्याला कळलंही नाही. हसता हसता त्याच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. त्याने थियाचा हात चाचपला. तिने तो आधीच पुढे करून ठेवला होता. ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती, आणि बहुतेक बऱ्याच वेळापासून.

शेवटी आकाश फाटलं, त्यातून काहीबाही पडलं, अर्धं शहर गेलं. लोवेलने ते सगळं नाक मुरडत पाहिलं.

गाडीत बसल्यावर त्याने काच पुसली, इंजिन चालू केलं आणि गाडी तशीच उभी ठेवली.

"शेवटचा भाग रद्दड आहे," तो म्हणाला.

"आहे."

"आकाश कशाला फाडता? बेलमनला आकाशाशी काय देणंघेणं? आणि अंगरखा. तो अंगरखा कुणी शिवला त्याला विचारायला हवं."

"हो, डॅड."

"आणि धाकट्या भावाबद्दल तू फारच कमी लिहिलंस. तिथे तू कमी पडलीस, दुसरं कुणी नाही."

थियाने मान हलवली. ती रडत होती, पण तिचा चेहरा सकाळपेक्षा मोकळा झाला होता. "बहिरेपणाची सगळी वाक्यं कापली त्यांनी," ती म्हणाली. "म्हातारी कापली. म्हणे हीरोत व्यंग नको. हा प्रसंग राहिला, कारण त्यात काय आहे ते त्यांना कळलंच नाही. तो बंडखोर आहे असं वाटलं त्यांना. मी गप्प बसले. नटाला मात्र तुझा व्हिडिओ दाखवला, नाताळचा, आत्याशी फोनवर बोलतानाचा. महिनाभर तो तसाच मान वळवून हिंडत होता."

लोवेलने चाकावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. पुसलेल्या काचेवर पुन्हा बर्फ साचत होता. एवढ्या मोठ्या जगात पोरीने त्याला पडद्यावर ठेवलं होतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि कुणालाच पत्ता लागला नव्हता. त्याला धन्य वाटलं आणि तिला तसं सांगावंसंही वाटलं, पण शब्द येण्याआधीच फोन वाजला.

मार्गोचं नाव. फोन उचलला की मागून डेनिसचा आवाज येणार, हे दोघांना माहीत होतं.

"निकाल असेल," थिया म्हणाली. "दोषी."

"असेल."

"घे ना. तुझं कोर्ट आहे."

लोवेलने फोन घेतला. क्षणभर तो उजव्या कानाजवळ नेला. थांबला, थियाकडे पाहिलं. मग सावकाश, फार मनापासून, त्याने तो डाव्या कानाला लावला, खांद्याने दाबून धरला आणि गाडी रस्त्यावर घेतली. फोनमधून डेनिस तावातावाने काहीतरी सांगत होता.

"हो," लोवेल म्हणाला. थिया हसायला लागली होती, आणि ती त्याच्या उजव्या बाजूला असल्याने ते त्याला नीट ऐकू येत होतं. "बरोबर."